मावळात डोंगरी सायकल: पहिल्या हंगामासाठी वाटाड्या

मावळात खास सायकलसाठी बांधलेली वाट जवळपास नाहीच. बाणाच्या पाट्या नाहीत, सोप्या-अवघड वाटांच्या रंगीत खुणा नाहीत, वळणावर मातीचा उतरता कठडा करून ठेवलेला नाही. आहेत त्या बैलगाडीच्या, गुरांच्या, पाण्याच्या आणि कोकणात उतरणाऱ्या वाटा, आणि त्या सगळ्या दुसऱ्या कुणीतरी दुसऱ्याच कामासाठी पाडलेल्या आहेत. हे ध्यानात न घेता नुसती नकाशावरची तुटक रेघ पकडून निघालात, तर निम्मा दिवस सायकल खांद्यावर येते. म्हणून या लेखात सायकलच्या आधी वाटेबद्दल. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्या, रस्त्यावर वीस-पंचवीस किलोमीटर सायकल सहज चालवणाऱ्या पण मातीत कधी न उतरलेल्या माणसाला समोर धरून लिहितो आहे.

पहिली पायरी: वाट कुणी पाडली ते ओळखा

सुरुवात बैलगाडीच्या वाटेनं करा. भरलेली गाडी ओढत बैल चढू शकेल एवढाच तिचा चढ असतो, आणि तेवढा चढ नवख्या पायांना झेपतो. उतारही बेताचा मिळतो. गावाबाहेर पडणाऱ्या पाणंदी, शेतावर जाणारे कच्चे रस्ते, धरणाच्या काठानं गेलेले जुने मार्ग हे सगळे याच जातीचे. हल्ली बैलांपेक्षा ट्रॅक्टर जास्त फिरतात, त्यामुळे चाकोऱ्या खोल झाल्या आहेत. खोल चाकोरीत सायकल घातली की पेडल कडेला आपटतं आणि चाक बाहेर काढता येत नाही. अशा वेळी मधल्या उंचवट्यावरून चालवा, पण तिथल्या गवतात दगड दडलेला असतो हे विसरू नका.

गुरांची वाट दिसायला फार मोहक. डोंगराच्या कुशीतून जवळपास एका पातळीत जाते, रुंदी वीतभर. तिचा स्वभाव मात्र फुटण्याचा आहे: एकीच्या तीन होतात, तिन्ही एखाद्या ओढ्याशी किंवा सावलीच्या झाडाशी संपतात. पावसाळ्यात चिखलात रुतलेल्या खुरांचे खड्डे नोव्हेंबरात वाळून टणक होतात, त्यांवरून जाताना हातांच्या मुंग्या थांबत नाहीत. ब्रेकवर ताबा आल्यावर, म्हणजे हंगामाच्या उत्तरार्धात, या वाटांना हात घाला.

पाण्याची वाट वाडीतून थेट झऱ्याकडे किंवा विहिरीकडे उतरते. रोजच्या पावलांनी गुळगुळीत झालेली, आखूड, तीव्र. तिथं डोक्यावर हंडे घेतलेल्या बायका असतात, तेव्हा सायकलचं तिथं काम नाही. विषय संपला.

घाटवाट म्हणजे देशावरून कोकणात उतरणारी वाट. सुरुवातीला पठारावर ती रुंद आणि सपाट असते आणि तिथंच फसगत होते. कड्याच्या तोंडाशी पोचली की ती दगडी पायऱ्यांची, नाहीतर नाळेतल्या, म्हणजे कड्यामधल्या अरुंद घळीतल्या, धोंड्यांची होते. माणसांनी आणि ओझ्याच्या बैलांनी ती पायी वापरली. पहिल्या हंगामात घाटाच्या तोंडाशी थांबायचं, खाली कोकण बघायचं आणि मागं फिरायचं.

वाट वाटतात पण वाट नसतात अशा दोन गोष्टी आहेत. पहिली जाळरेषा. वणवा पसरू नये म्हणून वनखातं गवत काढून जे पट्टे साफ करतं, ते लांबून मस्त उतरणीच्या वाटेसारखे दिसतात. ते आखताना चालणाऱ्याचा विचार केलेलाच नसतो, त्यामुळे कधी कधी ते थेट सोंडेच्या टोकावरून खाली जातात. दुसरी गोष्ट समतल चर. पाणी मुरवण्यासाठी उतारावर आडवे खणलेले हे चर ऑक्टोबरच्या गवतात अजिबात दिसत नाहीत. पुढचं चाक चरात गेलं की माणूस हँडलवरून पलीकडे. गवताळ उतारावर वाट सोडून सायकल घालायची नाही, याला एवढं एक कारण पुरे.

दुसरी पायरी: महिना निवडा

लोणावळ्याच्या बाजूला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आणि पूर्वेला वडगावकडे सरकताच तो झपाट्यानं कमी होतो. याचा सायकलशी थेट संबंध आहे: एकाच दिवशी वडगावकडची वाट कोरडी आणि लोणावळ्याकडची शेवाळलेली असू शकते. सह्याद्रीचा काळा कातळ कोरडा असताना टायर घट्ट धरून ठेवतो. तोच ओला आणि शेवाळलेला असेल तर उभंही राहता येत नाही. जून ते सप्टेंबर मातीच्या वाटा सोडून द्या. चिखल फोर्क (पुढचं चाक धरणारा दुपायी चिमटा) आणि टायरच्या फटीत बसून चाक फिरू देत नाही हा एक भाग. ओल्या वाटेवर चाकानं पाडलेली चरी पुढच्या पावसात ओघळ होते आणि ती वाट रोज वापरणाऱ्यांच्या गळ्यात पडते, हा दुसरा. पावसाळ्यात धबधबे आणि धरणांच्या परिसरात प्रशासनाची बंदीही असते, ती बघून घ्या.

ऑक्टोबरात गवत कमरेएवढं, उकाडा भरपूर, खाचरांत भात उभं. मोज्यांत घुसलेली कुसळं काढण्यात संध्याकाळ जाते. नोव्हेंबरात कापणी-झोडणी उरकते आणि डिसेंबर ते फेब्रुवारी हे खरे दिवस. माती बसलेली, हवा थंड, ओढ्यांत थोडं पाणी. मार्चनंतर सकाळी दहापर्यंत घरी पोचायच्या बेतानंच निघा. उन्हाळ्यात माळावरचा मुरूम सुटा होतो आणि टायरखाली खडे घरंगळतात, त्यामुळे जानेवारीत सोपी वाटलेली उतरण एप्रिलमध्ये तशी राहत नाही.

तिसरी पायरी: सायकल

दुकानात 'एमटीबी' (माउंटन बाइक) म्हणून जी सायकल समोर येते तिचं सस्पेन्शन, म्हणजे धक्के झेलणारी स्प्रिंग, बऱ्याचदा नुसतं वजन वाढवतं. मागं-पुढं दोन्हीकडे स्प्रिंग असलेली स्वस्त सायकल तर घेऊच नका. पुढे बरा फोर्क, मागं काही नाही, हायड्रॉलिक (तारेऐवजी तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक, २.१ ते २.३ इंच रुंद गाठींचे टायर आणि पुढे एकच दातेरी चक्र, एवढं असलं की मावळासाठी झालं. चाक २७.५ इंची की २९ इंची, या वादात दुकानदाराला गुंतू द्या. तुम्ही फ्रेमचा माप बरोबर आहे का ते बघा.

ब्रेक कुठला कुठल्या हाताला आहे ते बघणं त्याहून महत्त्वाचं. आपल्याकडे सहसा उजव्या हाताला पुढचा ब्रेक असतो, पण बाहेरून आलेल्या काही सायकलींवर तो डाव्या हाताला असतो. उतारावर घाबरून चुकीचा दाबला तर काय होतं हे सांगायला नको. मित्राची सायकल मागून घेतली असेल तर आधी सपाटीवर एकेक दाबून पाहा.

टायरमधली हवा रस्त्यावरच्यापेक्षा कमी हवी. ट्यूब असलेल्या २.२ इंची टायरमध्ये साधारण सत्तर किलोच्या माणसाला २८ ते ३२ पीएसआय (पंपावरच्या काट्यावरचं हवेच्या दाबाचं माप) ठीक. त्याहून कमी केली तर दगडावर आपटून ट्यूब रिमशी चिमटते आणि तिला शेजारी शेजारी दोन भोकं पडतात. काटे हे मावळातलं खरं दुखणं आहे: बाभूळ, बोर, करवंद, आणि कुंपणासाठी रचलेल्या फांद्यांमधून वाटेवर पडलेले. टायर ट्यूबलेस, म्हणजे ट्यूबशिवाय चालणारा, करून आत सीलंट, म्हणजे भोक बुजवणारा पातळ द्रव, भरलंत तर बहुतेक काटे परस्पर मिटतात. आपल्या उन्हात ते सीलंट काही महिन्यांत सुकतं, मधून मधून पुन्हा भरावं लागतं.

सोबत दोन ट्यूब, पॅचचं सामान, टायर काढायच्या पट्ट्या, छोटा पंप, ॲलन चाव्यांचा जुडगा, चेन तोडायचं हत्यार, एक क्विक लिंक (तुटलेली चेन जोडायची सुटी कडी) आणि तुमच्याच सायकलचा सुटा डिरेलर हँगर. हा हँगर म्हणजे मागचा गिअर ज्यावर टांगलेला असतो तो मऊ धातूचा तुकडा. दगडावर सायकल पडली की आधी हाच वाकतो, आणि प्रत्येक कंपनीचा वेगळा असल्यानं कामशेतच काय, पुण्यातही एका दुकानात मिळेल याची खात्री नसते. तुमच्या ट्यूबला बारीक प्रेस्टा व्हॉल्व असेल तर पितळेचा छोटा अडॅप्टर खिशात टाका. तो असला की गावातल्या पंक्चरवाल्याच्या पंपानंही हवा भरता येते. नसला तर तो बिचारा व्हॉल्वकडे बघत राहतो.

हेल्मेट, पूर्ण बोटांचे हातमोजे, चष्मा आणि गुडघ्याचे पॅड. पॅड घालून सुरुवातीला संकोच वाटतो. मुरमावर एकदा गुडघा घासला की वाटत नाही.

चौथी पायरी: मैदानात दोन सकाळी

डोंगरात जायच्या आधी कुठल्याही मोकळ्या मैदानात पुढच्या गोष्टी बसवा.

उभं राहणं: पेडल समांतर, टाचा किंचित खाली, गुडघे-कोपरं वाकलेले, बूड सीटवरून उचललेलं. मातीत उतरताना कायम असंच. सीट दोन-तीन इंच खाली घेऊन ठेवा, पाय पूर्ण ताणण्याचा रस्त्यावरचा हिशोब इथं बाजूला ठेवायचा.

ब्रेक: प्रत्येक ब्रेकच्या दांडीवर एकच बोट, बाकीच्या बोटांनी मूठ घट्ट. थांबवण्याची बहुतेक ताकद पुढच्या ब्रेकमध्ये असते, त्यामुळे त्याला घाबरून फक्त मागचा दाबायची सवय लावून घेऊ नका. मागचं चाक नुसतं घसरत राहतं. पण वळणात, सुट्या मुरमावर, पुढचा ब्रेक सोडा. वेग वळणाआधी सरळ रेषेत कमी करायचा. लांब उतारावर ब्रेक सतत अर्धवट दाबून ठेवू नका, तापतात. दाबा, सोडा, दाबा.

नजर: ज्या दगडाकडे बघाल त्यावरच जाल. दगडाच्या शेजारची मोकळी जागा बघा. पाच-सात मीटर पुढे नजर ठेवायची ही सवय सगळ्यात उशिरा लागते आणि सगळ्यात जास्त कामाला येते.

चढ: गिअर चढ सुरू होण्याआधी हलका करा. चढात जोर लावताना बदलला तर चेन तुटू शकते. बूड सीटच्या टोकावर, छाती हँडलकडे. पुढचं चाक उचललं जात असेल तर आणखी वाका, मागचं जागीच फिरत असेल तर थोडे मागं सरका. आणि उतरून ढकलण्यात काही कमीपणा नाही, इथले चढ ढकलायला लावणारेच आहेत.

पाचवी पायरी: नकाशा आणि मामा

दोन्ही लागतात. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० नकाशात समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, उंचीच्या वीस-वीस मीटरवर असतात. तुमच्या वाटेनं एका किलोमीटरमध्ये पाच रेषा ओलांडल्या तर तो शंभर मीटरचा, म्हणजे दहा टक्क्यांचा चढ. डांबरावर दहा टक्के कठीण, मातीत नवख्यासाठी जवळपास हद्द. रेषा एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर ती वाट चालण्याचीच समजा. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर चालणारं एखादं ॲप घेऊन आधीच नकाशा मोबाइलमध्ये उतरवून ठेवा, कारण आतल्या खोऱ्यांत रेंज जाते. उपग्रहचित्र बघत असाल तर ते कुठल्या महिन्यातलं आहे ते पाहा. मे महिन्यातल्या चित्रात ठळक दिसणारी वाट ऑक्टोबरात गवताखाली असते.

नकाशात नसतं ते वाडीतल्या माणसाला विचारायचं. विचारण्याची पण एक रीत आहे. "मामा, ही वाट खिंडीत जाते ना?" असं विचारलंत तर "जाते की" हेच उत्तर येईल, कारण पायी सगळीकडेच जाता येतं. "राम राम मामा, ही वाट कुठं निघते? गाडी जाते का इथनं? पावसानंतर कोण गेलंय का वर?" असं विचारा. गाडी म्हणजे मोटरसायकल जात असेल तर तुमची सायकल जाईल. अंतर मात्र विचारू नका, विचारलंत तर उत्तरावर विसंबू नका. "हे काय, हितंच" हे अर्ध्या किलोमीटरलाही म्हणतात आणि पाचालाही.

सहावी पायरी: तीन फेऱ्या, याच क्रमानं

मावळाची तीन खोरी लक्षात ठेवा: पवनेचं पवन मावळ, मधलं नाणे मावळ आणि उत्तरेचं अंदर मावळ. पुण्याहून येताना जुन्या मुंबई-पुणे रस्त्यानं या, द्रुतगती मार्गावर सायकलला बंदी आहे. रस्त्याचा एवढा पल्ला पहिल्याच दिवशी नको असेल तर सायकल गाडीला लावून कामशेतपर्यंत आणा.

पहिली फेरी कामशेतहून पवनानगर. रस्ता डांबरी, वाटेत बेडसे लेण्यांचा फाटा लागतो. दिवसाचा अभ्यास पवना धरणाच्या काठच्या कच्च्या रस्त्यांवर करायचा: तिकोना पेठेच्या बाजूला पाणंदी आणि बैलवाटा भरपूर, चढ-उतार सौम्य, आणि दमलात तर डांबर कायम जवळ. इथं जपायच्या गोष्टी दोन. उन्हाळ्यात पाणी मागं हटतं तेव्हा काठाचा गाळ वरून भेगाळलेला, कोरडा दिसतो. खाली तो ओलाच असतो आणि चाक आसापर्यंत रुतू शकतं. दुसरं, या जलाशयात पोहायला उतरू नका. काठ अचानक खोल होतो आणि इथं दर वर्षी माणसं बुडतात.

दुसरी फेरी चढाची. मळवलीहून भाजे आणि तिथून लोहगड-विसापूरच्या मधल्या गायमुख खिंडीपर्यंत. गाडीरस्ता आहे, पण चढ खरा आहे आणि पाय कसे चालतात ते इथं समजतं. लोहगड जुलै २०२५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आला आहे, त्यामुळे शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते. आठवड्याच्या मधल्या वारी या, नाहीतर उजाडायच्या आत चढायला लागा. सायकल लोहगडवाडीत ठेवायची, गडाच्या पायऱ्यांवर न्यायची नाही. खिंडीतून पलीकडे उतरलात तर दुधिवरे खिंडीच्या रस्त्याला लागून पवनेकडे जाता येतं. उतरणीत वळणं आंधळी आहेत आणि समोरून पर्यटकांच्या गाड्या येतात. इथं वेगाची हौस नको.

तिसरी माझी आवडती, अंदर मावळाची. कान्हे फाट्याहून टाकवे, मग वडेश्वर, नागाथलीवरून खांडीकडे. टाटांच्या वीजप्रकल्पासाठी १९२२ साली पुरं झालेल्या ठोकरवाडी धरणाचं पाणी बराच वेळ सोबत राहतं. हेच पाणी घाटाखाली भिवपुरीला नेऊन त्यावर वीज काढतात. खांडीच्या पुढे पठार सुरू होतं, आणि इथं मावळातली सगळ्यात सुखाची माती मिळते: रुंद बैलवाटा, मधेच कातळाचे सपाट तुकडे, पश्चिमेला आभाळ मोकळं. पुढे कुसूर घाट कर्जतकडे उतरतो, त्याच्या तोंडाशी थांबा. पठारावर आहे त्याच वाटेनं चालवा. कातळावरचा मातीचा थर बोटभर जाडीचा असतो आणि पावसाळ्यात त्याच्यावरच फुलं येतात. चाकानं खरवडलेली ती माती पुन्हा धरायला बरीच वर्षं लागतात. परतीचं अंतर मोठं आहे, त्यामुळे दुपारी एक वाजता जिथं असाल तिथून मागं वळायचं. डिसेंबरात सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण डोंगराच्या पूर्वेकडच्या उतारांवर अंधार त्याच्या आधीच येतो.

भीमाशंकर आणि ताम्हिणीच्या जंगलवाटांची नावं कुणीतरी काढेलच. दोन्ही अभयारण्यं आहेत, वनखात्याच्या परवानगीशिवाय आत सायकल घालायची नाही.

सातवी पायरी: वाडीत वागणं

वाडी दिसली की वेग कमी, घंटी वाजवा आणि तोंडानं काहीतरी बोला. कुत्री धावून आली तर पळू नका. उतरा, सायकल आडवी मधे धरा, चालत पुढे व्हा. चालत्या माणसावर ती फारशी भुंकत नाहीत, पळत्या चाकावर त्यांचा राग.

म्हशींचा कळप समोरून आला तर थांबायचं आणि डोंगराच्या अंगाला उभं राहायचं. दरीच्या अंगाला राहिलात तर एखादी म्हैस सहज ढकलून देते, तिच्या मनात काही नसतानाही. मोळी किंवा हंडा घेतलेल्या मावशींना वाट पूर्ण मोकळी द्या, त्यांना पाऊल वाकडं टाकायला लावू नका.

भातखाचराच्या बांधावरून सायकल न्यायची नाही. बांध फुटला की खाचरातलं पाणी जातं, आणि तो घालणारा माणूस तुम्ही गेल्यावर येतो. कुंपणाच्या तोंडाशी काट्याची फांदी आडवी लावलेली असेल तर बाजूला करा, पलीकडे जा, आणि आधी होती तशीच परत लावा. उघडी राहिली तर रात्रीत गुरं शेतात.

जेवण हवं असेल तर सकाळी जातानाच सांगून ठेवा: किती माणसं, साधारण किती वाजता. येताना पिठलं-भाकरी, इंद्रायणीचा भात, ठेचा तयार मिळतो. पैसे विचारून द्या, "राहू द्या" म्हणाले तरी द्या. पाणी माणशी तीन लिटर घेऊनच निघा. उन्हाळ्यात वाड्यांनाच पाणी पुरत नाही, तिथं तुमची बाटली भरून मागणं बरं नव्हे.

काही झालंच तर

एकट्यानं पहिल्या हंगामात जाऊ नका. तिघं असणं उत्तम, एक जखमीजवळ थांबतो आणि एक रेंज शोधायला जातो. घरी ठरलेली वाट आणि परतायची वेळ लिहून ठेवा. रुग्णवाहिकेसाठी १०८, इतर मदतीसाठी ११२. कड्याकपारीत कुणी अडकलं तर लोणावळ्याची शिवदुर्ग मित्र ही संस्था बचावाचं काम करते. गवतात घोणस असते, त्यामुळे पंक्चर काढायला बसताना आधी जागा बघा. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. अवयव हलू न देता लवकरात लवकर सरकारी रुग्णालय गाठायचं. कान्हे फाट्याला ते आहे. कड्याला किंवा मोठ्या झाडाला आग्या मोहोळ दिसलं तर आवाज न करता लांबून जा, आणि खाली शेकोटी पेटवायचा विचारही नको.

घरी आल्यावर

सायकल लगेच पाण्याच्या फवाऱ्यानं धुऊ नका, जोराचा फवारा बेअरिंगमधलं ग्रीस काढून टाकतो. आधी धूळ ब्रशनं झाडा, चेन कापडानं पुसा, थोडं तेल. मग चाक हळू फिरवत टायरवरून हात फिरवा आणि काटे शोधा. ट्यूब असेल तर तिथंच उपटून टाका. ट्यूबलेस असेल तर उपटून भोक खाली येईल असं चाक धरा, सीलंट जाऊन बसतं.

आणि फेरीचा ट्रॅक, म्हणजे मोबाइलनं नोंदलेली तुमच्या वाटेची रेघ, इंटरनेटवर कुठं चढवणार असाल तर त्यातला शेतांमधून गेलेला तुकडा आधी काढून टाका. जानेवारीत मोकळ्या खाचरातून गेलेली तुमची रेघ पुढच्या जुलैमध्ये कुणीतरी पकडून येईल, आणि तेव्हा तिथं नुकतीच लावणी झालेली असेल.